दोरीवरचे थेंब

आगाशीच्या बाजारात काकांच्या दुकानातून इंजिनाचं तेल विकत घेणं म्हणजे मुलगी मागायला जाणं होतं. फरक एवढाच की मुलीचा बाप आधी चहा देतो आणि मग चौकशी करतो. काका आधी चौकशी करायचे आणि उत्तरं पटली तरच चहा सांगायचे. उत्तरं पटली नाहीत तर चहाही नाही आणि तेलही नाही.

"गाडी कुठून कुठं जाते?" हा पहिला प्रश्न. मग रोज जाते का, मधे किती वेळ उभी राहते, उन्हात का सावलीत, चढ लागतो का. आणि शेवटी डोळे बारीक करून, "चालवतो कोन? तू का तुझा मेव्हना?" मेव्हणा असं उत्तर आलं की काका सगळ्यात जाड तेलाचा डबा काढायचे. मेव्हणा दुसऱ्याच्या इंजिनावर दया करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा एक गृहस्थ घाईघाईने आले आणि म्हणाले, "एक लिटर द्या हो, कुठलंही." काकांनी समोरच्या किराणा दुकानाकडे बोट केलं. "तिथं गोडंतेल मिळतं. कुठलंबी देतील."

उमेदीची वर्षं त्यांनी मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर काढली होती. गावच्या बोटींतलं एकही इंजिन असं नव्हतं की ज्याच्यात काकांचा हात कोपरापर्यंत गेला नाही. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा समुद्र सोडून बाजारात हे दुकान टाकलं. दुकानाला पाटी नव्हती. काउंटरवर तेलाचे डबे, मागे एक आतली खोली, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली एक नायलॉनची दोरी. त्या दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लग्नपत्रिका लावलेल्या असायच्या. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा फार लग्नाळू दिसतो.

ती सगळी गिऱ्हाइकांच्या गाड्यांची प्रकृती होती. गाडीतल्या जुन्या तेलाचा एक थेंब काका जाड कागदावर सोडायचे आणि रात्रभर पसरू द्यायचे. मधे काळा ठिपका, त्याभोवती करडं वर्तुळ, बाहेर पिवळट कड. त्यावरून त्यांना कळायचं की इंजिन थकलंय का, तेलात पाणी शिरलंय का, मालक वेळच्या वेळी तेल बदलतो का नुसता बदललं म्हणून सांगतो. या कामाला वसई-विरारमध्ये सगळ्यात फुकट आणि मुबलक मिळणारा जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. तीही गुळगुळीत नको. "चकचकीत लग्नाच्या पत्रिकेवर थेंब पसरत नाय," असं ते म्हणायचे. आम्ही गिऱ्हाइकं घरी आलेल्या पत्रिका चोळून पाहायचो आणि खरबरीत असतील त्या काकांसाठी बाजूला ठेवायचो.

एका नव्या नवऱ्याला तिथे स्वतःच्याच लग्नाची पत्रिका टांगलेली दिसली. पाठीवर कुणाच्यातरी रिक्षाचा भलामोठा डाग. बरोबर सासूबाई होत्या. त्यांनी बाजार डोक्यावर घेतला. काकांनी शांतपणे पत्रिका उजेडात धरली, डाग नीट न्याहाळला आणि म्हणाले, "मावशी, डाग मधेच हाय. कड बघा किती स्वच्छ हाय. संसार टिकनार." सासूबाई जाताना दोन लिटर तेल घेऊन गेल्या. त्यांच्याकडे गाडी होती की नव्हती, देव जाणे.

थेंब पाठीवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल असा. पण पत्रिकेच्या आतल्या घडीत काका पेन्सिलीने तारीख घालून काहीतरी लिहायचे, ते मात्र कुणाला दाखवायचे नाहीत. "रिपोर्ट डॉक्टरनं वाचायचा असतो, पेशंटनं नाय," एवढंच उत्तर.

मला त्या दुकानात नेलं ते माझ्या बाबांनी. बाबा मुंबईत एका ऑफिसात कारकून होते, आम्ही फुलपाड्याला राहायचो, आणि दर रविवारी बाबा मोटरसायकलवरून आगाशीला काकांकडे जाऊन बसायचे. दोघं काय बोलायचे ते मला कधी कळलं नाही. मी गेलो की दोघंही गप्प बसून रस्त्याकडे पाहत असायचे. शेवटच्या वर्षांत बाबांना नीट दिसेनासं झालं. एकदा घसरून पडले, आणि मी त्यांना न विचारता मोटरसायकल विकून टाकली. बाबा त्यानंतरही रविवारी बसने आगाशीला जात राहिले. "तिकडं वाडीतली भाजी बरी मिळते," म्हणायचे. भाजी आणायचेही, पण ती फुलपाड्याच्या नाक्यावरच्या भाजीसारखीच दिसायची.

बाबा गेले, पण त्यांच्या थेंबाची पत्रिका दोरीवर तशीच राहिली, कॅलेंडरशेजारी, डावीकडून तिसरी. मी पहिली छोटी पेट्रोल गाडी घेतली तेव्हा काकांनी माझी पत्रिका मुद्दाम तिच्या शेजारी लावली. दोन चिमटे एकमेकांना खेटून. मी तेलाच्या निमित्ताने जायचो, पण खरं सांगायचं तर ते दोन डाग शेजारी शेजारी बघायला जायचो. कुठल्याही फोटोपेक्षा मला ते बरं वाटायचं.

मग मी हायब्रीड घेतली.

बॅटरीवर आणि पेट्रोलवर, दोन्हीवर चालणारी गाडी. कधी कशावर चालायचं ते ती स्वतःच ठरवते, मालकाला विचारत नाही. पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बॉनेट उघडायला लावलं, आणि तेल ओतायच्या झाकणावरची अक्षरं वाचून त्यांचं चावणं थांबलं.

"हे काय लिवलंय? झीरो?"

"झीरो डब्ल्यू सोळा, काका. या गाडीला पातळ तेल लागतं."

"पातळ म्हंजे किती पातळ?"

मी कंपनीच्या डब्यातलं थोडं तेल नमुन्याला आणलं होतं. काकांनी ते उजव्या हाताच्या अंगठ्यावर घेतलं आणि तर्जनीने चोळलं. त्या अंगठ्याची मोठी ख्याती होती. काकांनी एकदा चोळलं की निकाल, वर अपील नाही. त्यांनी हात धोतराला पुसला.

"हे तेल नाय. तीर्थ हाय. पिऊन टाक."

"पण कंपनीने लिहिलंय..."

"लिवनारच. कंपनीला सा वर्सांनी तुला दुसरी गाडी विकायची हाय." त्यांनी मागे वळून आपला आवडता जाड तेलाचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. "तेल जाड, झोप गाढ. हे घाल आनि निवांत ऱ्हा."

'तेल जाड, झोप गाढ' हे त्यांचं बोटींच्या काळापासूनचं, चाळीस वर्षांचं ब्रीदवाक्य. आगाशीपासून विरारपर्यंत रिक्षावाले, टेम्पोवाले, वाडीतले पंपवाले, सगळे त्यावर झोपत होते. मी मान हलवली. मान हलवणं हा माझा जुना रोग आहे. डबा घरी आणला, गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे दडवला, आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा गुपचूप पातळ तेलच घालून आणलं. बायको म्हणाली, "त्यांना सरळ सांगा ना." मी म्हटलं, "तू सांग." ती कुकर लावायला आत गेली.

पण सहा महिन्यांनी नव्या गाडीचा थेंब द्यायची वेळ आली. पातळ तेलाचा थेंब कागदावर फार लांब पसरतो, काकांनी तो लांबूनच ओळखला असता. तेव्हा मी एक शक्कल लढवली. बाजारात गाडी लावायला जागा नसते म्हणून बरेच लोक बाटलीतून थेंब आणायचे, काकांना ते चालायचं. मग थेंब माझ्याच गाडीचा असला पाहिजे असं कुठे आहे? आमच्या वरच्या मजल्यावर कामणच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर असलेले गृहस्थ राहतात. त्यांच्या गाडीतला थेंब मागितला. बाटली हवी म्हणून घर धुंडाळलं तर बाबांच्या खणात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक छोटी काचेची बाटली सापडली. तळाशी काळपट चिकट काहीतरी होतं. बाबा कुठलं औषध घेत होते कोण जाणे, असं म्हणत मी ती घासून घेतली.

रविवारी काकांसमोर बाटली ठेवली. त्यांनी पत्रिकेवर थेंब सोडला आणि रात्रभर थांबायची गरजच पडली नाही. दोन मिनिटांत मधे डांबरासारखा काळा गोळा जमला. काकांनी पत्रिका वर धरली, खाली धरली, वास घेतला, आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, "तुझी गाडी डिझेल कवापासून प्यायला लागली?"

दुकानात चार माणसं होती. चौघंही माझ्याकडे बघायला लागली. सुपरवायझर साहेबांची गाडी डिझेलची आहे हे मला त्या क्षणी कळलं. तीन वर्षं ते माझ्या डोक्यावर राहतात, पण त्यांची गाडी काय पिते ते मी कधी विचारलं नव्हतं. मी काका असतो तर पहिल्या दिवशी विचारलं असतं.

"घाईत काहीतरी... बाटल्यांची अदलाबदल..." मी म्हणालो.

"तुझ्या गाडीत कुठलं तेल हाय?"

खोटं पकडलं गेलं की माणूस ओशाळतो किंवा चिडतो. मी चिडलो. तडक जाऊन गाडीतलं कंपनीचं माहितीपुस्तक आणलं, गाडी घेतल्यापासून प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेलं, आणि काउंटरवर आपटलं. "पातळ! यात लिहिलंय तेच! आणि तेच बरोबर आहे!"

काका उठले, दोरीजवळ गेले, माझ्या पत्रिकेचा चिमटा उघडला आणि ती खाली काढून खणात टाकली. बाबांच्या पत्रिकेशेजारी नुसता रिकामा चिमटा राहिला.

"तुझ्या बापानं कधी खोटा थेंब आनला नाय," ते म्हणाले.

मी निघून आलो. पुस्तक तिथेच राहिलं. घरी येईपर्यंत राग उतरला आणि मग मला वाईट वाटलं, अगदी शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर वाटतं तसं. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस एका चिमट्यासाठी हळवा होतो हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मला माझी जागा परत हवी होती, बाबांच्या शेजारची. पण त्यासाठी माफी मागायची तर मी जाड तेल घालणार असं कबूल करावं लागलं असतं, आणि ते मी घालणार नव्हतो.

पंधरा दिवसांनी पुस्तक आणायचं निमित्त करून गेलो. दुकानात कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता. बाई म्हणजे काकांच्या पत्नी. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आत डोकावलो तर काका पाटावर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे मिटून बसले होते. समोर चौरंगावर माझं पुस्तक. त्याला खाकी कव्हर घातलेलं. बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एक ओळ इंग्रजीत वाचत होत्या आणि मग तिचा मराठीत अर्थ सांगत होत्या. पोथीचं पारायण चालावं तसं सगळं चाललं होतं. फक्त प्रसादाची वाटी नव्हती.

"'डू नॉट यूज'," बाई म्हणाल्या. "म्हणजे वापरू नका."

"कोनाला सांगते?"

"तुम्हाला."

काकांनी डोळे उघडले. मला पाहिलं. "बस," म्हणाले. "दुसरं पारायन चालू हाय. पयल्यात काय समजला नाय."

बाईंनी मला चहा दिला. चौकशीच्या आधी चहा, असं त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाहिलं. मग काका म्हणाले, "पुस्तक म्हनते की हे इंजिन सारखं बंद पडतं आनि सारखं चालू होतं. मला दाखव."

मी त्यांना गाडीत बसवलं. आगाशीहून विरारकडे निघालो. बाजारातून गाडी बॅटरीवर निघाली, आवाज नाही, काही नाही. काकांनी दोनदा विचारलं, "चालू केलीस ना?" गाडी चालत असताना हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पुढे जरा वेग घेतला तसं इंजिन सुरू झालं. बससाठी थांबलो, बंद. परत सुरू. गाय आडवी आली, बंद. काका पायाचे तळवे गाडीच्या जमिनीला लावून बसले होते आणि दर वेळी बोट दुमडत होते. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं. विरारला पोचल्यावर उतरून त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला.

"कोमट हाय," ते म्हणाले. "एवढं चालून नुसतं कोमट."

पंजा त्यांनी उचललाच नाही. येणारेजाणारे बघत होते की हा म्हातारा गाडीचा ताप का बघतोय. मग ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, गाडीशीच बोलल्यासारखे.

"बोटीचं इंजिन पहाटं उठतं, तापतं, नि दिवसभर तापलेलंच ऱ्हातं. त्याला जाड तेल बरं. हे सारखं झोपतं नि सारखं उठतं. झोपलेल्या मान्साला उठवून लगेच धावायला सांगायचा, तर त्याच्या तोंडात चिक्की कोंबायची नाय. पानी द्यायचा. जाड तेल वर चढंपर्यंत हे परत झोपलेलं असनार." त्यांनी पंजा उलटा करून पाहिला. "आनि तापत नाय म्हनून आत दमट ऱ्हानार. गाडी कमी चालली तरी वर्साला तेल बदलायचा. पुस्तकात हाय ते. बाई दोनदा वाचून ऱ्हायल्या, मी ऐकला नाय."

पुस्तकातल्या चार पानांत जे लिहिलं होतं ते या माणसाने तळपायाने वाचलं. मला वाटलं, आता मला माफ करतील. पण त्यांचा चेहरा पडला होता.

"फुलपाड्याच्या म्याडमना मी जाड तेल दिलाय," ते म्हणाले. "हीच गाडी. तुझ्यानंतर घेतलेली."

त्या मॅडम आमच्याच फुलपाड्यात, दोन गल्ल्या सोडून राहतात. गणित शिकवतात. मी म्हटलं, "फोन करून सांगा." काका म्हणाले, "चूक फोनवर उतरत नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पाना, फिल्टर, तेल गोळा करायचं जुनं घमेलं, एक गोणपाट आणि पातळ तेलाचा डबा घेऊन ते माझ्या गाडीत बसले. तो डबा त्यांनी स्वतः विरारला जाऊन आणला होता, पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून. बाजारात कुणी बघू नये म्हणून.

मॅडम खाली पार्किंगमध्ये आल्या. काकांनी हात जोडले. "तुमच्या गाडीत मी चुकीचं तेल दिलाय. काढायला आलोय."

चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मॅडमनीही ऐकला नाही.

"छे हो काका, गाडी मस्त चालते. राहू दे."

"नाय. काढायला पायजे. पातळ घालायला पायजे."

"पातळ?" मॅडम एकदम गंभीर झाल्या. "काका, पातळ तेल म्हणजे तीर्थ. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हनालो व्हतो."

"तेल जाड, झोप गाढ."

"तवा मी झोपलेलो व्हतो, म्याडम."

"कंपनीला सहा वर्षांनी दुसरी गाडी विकायची असते म्हणून ते पातळ तेल सांगतात," मॅडमनी काकांना समजावलं. "आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना मी हे सांगितलंय."

काका घामाघूम झाले. समुद्रात वादळात अडकलेल्या इंजिनासमोर ते कधी डगमगले नसतील, पण स्वतःच्याच वाक्यांसमोर त्यांचा टिकाव लागेना. जे बोलावं त्याला मॅडमकडे त्यांचंच जुनं उत्तर तयार, तेही पाठ, तेही त्यांच्याच सुरात. मी मधे पडलो तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही थांबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" वॉचमन खुर्ची घेऊन आला आणि नीट बसला.

"मायलेज किती देते?" काकांनी शेवटी विचारलं.

"कमी झालंय थोडं. ते रस्त्यातल्या खड्ड्यांनी."

"खड्डे माझं तेल घालायच्या आधी नव्हते काय?"

गणिताच्या मॅडम याला अडल्या. पण त्यांनी शेवटचा प्रश्न विचारलाच, आणि तो खरा प्रश्न होता. "मग चाळीस वर्षं तुम्ही सगळ्यांना जे सांगितलंत ते काय खोटं होतं?"

काकांनी गोणपाट जमिनीवर अंथरला. त्यावर बसायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

"खोटं नाय," ते म्हणाले. "दुसऱ्या गाडीचं खरं हाय ते. मी तुमच्या गाडीला लावला."

मॅडमनी चावी दिली. काकांनी मला तीनदा विचारलं, "बंद हाय ना नक्की?" कारण ती गाडी चालू असतानाही गप्प असते. मग ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ पाठीवर सरकत गाडीखाली गेले. जाड तेल घमेल्यात सावकाश उतरत होतं. काका खालून म्हणाले, "बघ, उतरायला बी तयार नाय. माझ्यासारखंच हाय." मला हसू आवरलं नाही. गाडीखालून त्यांचंही हसू ऐकू आलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण मॅडमनी स्टाफरूमचा ग्रुप जागा केला. 'काका आता पातळ तेल देतात,' असा निरोप सुटला. आठ दिवसांत आगाशीच्या बाजारात रांग लागली. रिक्षावाले, टेम्पोवाले, वाडीत पाणी काढायच्या डिझेल पंपाचे मालक, झाडून सगळ्यांना पातळच हवं होतं. एक बोटवाला तर डबा घेऊनच आला. काकांनी काउंटरवर हात आपटून आरडाओरडा केला. "अरे तुमची इंजिनं झोपत नाय! तुम्हाला जाडच पायजे!" लोक डोळे मिचकावून म्हणायचे, काका चांगला माल ओळखीच्यांना देतात. शेवटी बाईंनी शाळेतली जुनी पाटी आणून तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: 'आधी पुस्तक वाचा, मग या.' ती पाटी दारात लागली, आणि दुकानाला आयुष्यात पहिल्यांदा पाटी मिळाली. त्यानंतर गर्दी पुष्कळ कमी झाली. वाचण्यापेक्षा जुनंच तेल बरं, असं बहुतेकांनी ठरवलं.

आता ते दुकानही नाही. गुडघ्यांनी अगदीच संप केला तेव्हा काकांनी ते बंद केलं, आणि तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण बंद व्हायच्या खूप आधीचा, त्या गर्दीनंतरचा एक रविवार मला सांगायचा आहे.

मी माझ्या गाडीचा खरा थेंब घेऊन गेलो. काकांनी पत्रिकेवर सोडला. पातळ तेल, झरझर पसरलं, जवळजवळ पाठीवर छापलेल्या नवरदेवाच्या आडनावापर्यंत गेलं. काकांनी तो बराच वेळ पाहिला. मग दोरीजवळ गेले आणि रिकाम्या चिमट्यात ती पत्रिका लावली. बाबांच्या शेजारी.

"खोटं बोललो ते चुकलं, काका," मी म्हणालो.

"तुला खोटं बोललास म्हनून नाय उतरवला," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तुझं तेल बरोबर व्हतं म्हनून उतरवला. खोट्याचा मला राग नाय येत. खोटा थेंब मी दोरीवर लावलाय बी."

"कुणाचा?"

त्यांनी बाबांच्या पत्रिकेचा चिमटा उघडला आणि पत्रिका माझ्या हातात दिली. आतली घडी उघडायची खूण केली. त्या दुकानात पेशंटला रिपोर्ट दाखवल्याची ही एकच वेळ.

आत पेन्सिलीने तारीख होती. बाबा जायच्या दोन महिने आधीची. मोटरसायकल विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मीच विकली होती. मला ती बाटली आठवली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची, तळाशी काळपट चिकटलेली, मी घासून स्वच्छ केलेली. गाडी नसलेला माणूस दर खेपेला कुणाच्यातरी मोटरसायकलचा थेंब मागून, बाटलीत भरून, बसने आगाशीला येत होता.

तारखेखाली काकांच्या वाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली: 'थेंब दुसऱ्या गाडीचा.' दुसरी: 'विचारायचा नाय.'

मी पत्रिका मिटली. हातातून ती सोडवेना, तेव्हा काकांनीच ती घेतली आणि परत चिमट्यात लावली, माझ्या थेंबाला खेटून. मग काउंटरमागे बसून पेन्सिलीला टोक करायला लागले. बाईंना आतल्या खोलीत हाक मारून चहा सांगितला, दोन.

"हां, बोल आता," ते म्हणाले. "गाडी कुठून कुठं जाते?"

"फुलपाड्याहून आगाशीला," मी म्हटलं. "दर रविवारी."